गाणं ओळखलं, पुढे काय?

वर्गात एक छोटा ब्लूटूथ स्पीकर ठेवायचा, एखाद्या ॲनिमेशनपटातल्या संगीताचा आठ-दहा सेकंदांचा तुकडा वाजवायचा आणि तो कुठल्या चित्रपटातला हे मुलांनी ओळखायचं. खेळ एवढाच. कुणी तो ऑफ तासाला घेतं, कुणी इंग्रजीच्या, कुणी संगीताच्या. गाण्याच्या भेंड्यांवर वाढलेल्या आपल्या लोकांना त्यात परकं काही वाटत नाही. तरी शिक्षकांशी बोलताना या खेळाविषयी दोन टोकांची मतं कानावर येतात, आणि दोन्ही मतांमागे मुलांविषयीची कळकळच असते. म्हणून ती दोन माणसांच्या तोंडी घालून इथे समोरासमोर बसवली आहेत. अंबाजोगाईसारख्या एखाद्या तालुक्याच्या गावातली शाळा डोळ्यांसमोर आणा. शनिवारची सकाळची शाळा सुटली आहे. शिक्षकखोलीत संगीताच्या बाई आहेत. त्या निवृत्त झाल्या, पण प्रार्थना बसवायला अजून येतात. समोर पाचवीचे वर्गशिक्षक. ते लहानपणी बाईंकडेच शिकले, त्यामुळे बाई त्यांना अरे-तुरे करतात. अधूनमधून माझंही बोलणं आहे.

बाई : तुझ्या वर्गाचा आवाज आज पार मैदानापर्यंत येत होता. काय चाललं होतं?

सर : गाणं ओळखा, बाई. ‘लायन किंग’ची सुरुवात लावली होती. सूर्य उगवतो तिथली हाळी. तुकडा संपेपर्यंत कोण थांबतंय? पहिल्याच हाळीला निम्मा वर्ग उभा.

बाई : मला खटकलं ते नेमकं हेच. पहिल्याच हाळीला उत्तर आलं, म्हणजे पुढचं ऐकलं कुणी? सूर पुरा होईपर्यंत थांबा, हे शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. तानपुरा लागला की आधी गप्प बसायचं. तुझा खेळ बरोबर उलटं शिकवतो. जो सगळ्यात आधी ऐकायचं थांबवेल तो जिंकला.

सर : पण ओळखायला ऐकावं लागतंच ना?

बाई : फार थोडं लागतं. आणि जे लागतं त्यात चाल असतेच असं नाही.

बाईंच्या या म्हणण्याला आधार आहे. १९९९ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात लोकप्रिय गाण्यांचे अगदी बारीक तुकडे ऐकवून, समोरच्या पाच नावांतलं कुठलं गाणं ते श्रोत्यांना ओळखायला सांगितलं होतं. सेकंदाच्या दहाव्या भागाएवढ्या तुकड्यावरूनही त्यांची उत्तरं नुसत्या अंदाजापेक्षा सरस ठरली. एवढ्या वेळात चाल सुरूही होत नाही. कानाला मिळतो तो फक्त नाद : कुठली वाद्यं, कसला गळा, ध्वनिमुद्रणाची जात. मूल ‘लायन किंग’ म्हणून ओरडतं तेव्हा त्याने ओळखलेलं असतं ते हे. चाल अजून त्याच्यापर्यंत पोचायची असते.

सर : मग तो नादच काढून घेतला तर?

बाई : म्हणजे?

सर : तेच गाणं पेटीवर वाजवायचं. मूळ गळा नाही, ढोल नाहीत, काही नाही. मला पेटी बेताचीच येते हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी ‘फ्रोझन’मधल्या त्या सगळ्यांच्या तोंडी असलेल्या गाण्याचं धृपद वाजवलं. स्पीकरवर ज्यांनी क्षणात ओळखलं होतं तीच मुलं गोंधळली. एकीने डोळे मिटून घेतले. एकजण बाकावर बोटांनी ठोके मोजायला लागला. परत वाजवा, परत वाजवा, असं चाललं. शेवटी एक मुलगी म्हणाली, “सर, हे एकेक पायरी वर चढतंय. ते गाणं असंच चढतं.”

बाई : असं म्हणाली? वर चढतंय?

सर : हो. आरोह वगैरे तिला काही माहीत नाही.

बाई : ते नंतर सांगता येतं. आधी कानाला चढण कळली पाहिजे. तू तिला विचारलंस का, कशावरून ओळखलं म्हणून?

सर : विचारलं. म्हणूनच तर हे उत्तर आलं.

बाई : मग तुझा खेळ तिथून सुरू झाला असं धर. त्याआधीचा गलका मी धरत नाही.

इथे बाई आणि सर पहिल्यांदा जवळ आले. पण बाईंचा खरा आक्षेप पुढे आहे, आणि माझ्या मते तोच जास्त वजनाचा आहे.

बाई : आता मला सांग, तुझ्या वर्गात ‘फ्रोझन’ पाहिलेली मुलं किती?

सर : निम्मीही नसतील.

बाई : उरलेल्यांचं काय? ज्याच्या घरी वायफाय आहे, ज्याचे आईवडील ओटीटीचे पैसे भरतात, त्याचा हात वर. आणि ज्याचे आईबाप दिवाळीपासून ऊसतोडीला गेलेत, जो आजीपाशी राहून शाळा करतो, त्याने काय ओळखायचं? गणितात चुकलं तर सराव कर म्हणून सांगता येतं. इथे चुकलं तर काय सांगशील? अशी परीक्षा शाळेने घेऊ नये. बाहेरची दरी वर्गात आणून वर तिला गुण द्यायचे, हे मला पटत नाही.

सर : मलाही नाही पटत. खिडकीजवळ बसतो ना तो मुलगा, त्याच्याकडे पाहून मी निवड बदलली. आता सुरुवात ‘टॉम अँड जेरी’पासून करतो. ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. टीव्हीवर, शेजाऱ्यांच्या मोबाइलवर, कुठे ना कुठे. शिवाय त्यात बोलणं जवळजवळ नाहीच. मराठीवाला, इंग्रजीवाला, सगळे सारखे.

बाई : त्यात संगीत ते काय? आपटाआपटी.

सर : बाई, त्या आपटाआपटीत संगीतकार फ्रांझ लिझ्ट आहे. १९४७चा ‘द कॅट कॉन्सर्टो’ बघा. टॉम कोट घालून मैफलीत पियानोला बसतो आणि लिझ्टची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवायला घेतो. जेरी पियानोच्या आतच झोपलेला. वाजवताना आतल्या हातोड्या त्याला लागतात आणि तो उठून बसतो. पुढचा सगळा मारामारीचा कार्यक्रम त्या एका रचनेवर चालतो, सुरात. त्या कार्टूनला ऑस्कर मिळालं आहे. माझ्या वर्गातल्या मुलांनी लिझ्ट डझनभर वेळा ऐकलेला आहे. तो कोण हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, एवढंच.

बाई : (थोडं थांबून) बरं. मग त्यातून मुलांना ऐकवतोस काय?

सर : चित्र झाकतो. पडदा बंद, नुसता आवाज. मग विचारतो, टॉम आता काय करतोय? पोरं सांगतात, दबक्या पावलांनी चाललाय. जिना उतरतोय. आपटला. खिडकीजवळचा तो मुलगा म्हणाला, “तो दबा धरून बसलाय, कारण सगळं थांबलंय.”

बाई : त्याने थांबणं ऐकलं!

सर : हो. वाजलेलं सगळ्यांनीच ऐकलं होतं.

बाई : अरे, हे फार मोठं आहे. गाण्यात जागा सोडणं कशाला म्हणतात ते मोठमोठ्या मुलांना वर्षानुवर्षं कळत नाही. त्याचं नाव मला दे. पुढच्या शनिवारी त्याला माझ्याकडे बसव.

ॲनिमेशनपटाचं संगीत या कामाला इतकं उपयोगी का पडतं, हे समजून घेण्यासारखं आहे. साध्या चित्रपटात कॅमेऱ्यापुढे माणसं असतात. त्यांच्या पावलांचा, दाराचा, वाऱ्याचा आवाज चित्रीकरणातच मिळू शकतो. चितारलेल्या उंदराला मात्र स्वतःचा कसलाच आवाज नसतो. एकूण एक आवाज बाहेरून आणून बसवावा लागतो, आणि त्यातला मोठा भार संगीतावर पडतो. १९२८च्या ‘स्टीमबोट विली’त मिकी माउसच्या हालचाली आणि वाद्यांचे ठोके असे काही जुळवले होते, की संगीताने हालचालीची तंतोतंत नक्कल करण्याला पुढे ‘मिकी-माउसिंग’ हेच नाव पडलं. ‘टॉम अँड जेरी’चे संगीतकार स्कॉट ब्रॅडली यांनी ही कला फार पुढे नेली. पाऊल, घसरण, धडक, सुटकेचा निःश्वास, प्रत्येकाला वेगळं वाद्य आणि वेगळी चाल. दहा वर्षांच्या मुलाला ‘या संगीतात काय घडतंय’ असं विचारलं तर उत्तर देता येईल असं संगीत याहून सोपं कुठे मिळणार?

सर : याच्या पुढची पायरी म्हणून मी ‘फँटेशिया’ घेतला. १९४०चा. त्यातला जादूगाराच्या शिष्याचा भाग. मूळ कविता जर्मन कवी गटेची, १७९७ची. तिच्यावर फ्रेंच संगीतकार पॉल द्यूका याने १८९७ साली वाद्यवृंदाची रचना केली, आणि त्यावर डिस्नेने मिकीला नाचवलं. मुलांपैकी कुणीच हा पाहिलेला नव्हता. म्हणजे ओळखण्याचा प्रश्नच आला नाही, सगळ्यांची पाटी कोरी.

बाई : मग खेळलात काय?

सर : गोष्ट ओळखा. आधी एवढंच सांगितलं, की एका शिष्याने मंत्र म्हणून झाडूला पाणी भरायला लावलंय. मग चित्र न दाखवता ऐकवलं. बॅसून नावाचं खर्जातलं लाकडी वाद्य आहे, त्याच्यावर झाडूची चाल येते. तीन-तीनच्या वजनात, थोडी गमतीदार. मुलं लगेच डुलायला लागली. पुढे पाणी वाढत जातं तसा वाद्यवृंद चढतो, शिष्य घाबरतो, झाडूवर कुऱ्हाड घालतो. मोठा दणका, मग सगळं शांत. आणि मग खालून, अगदी जड आवाजात, तीच चाल पुन्हा सुरू होते, आणि तिच्या पाठोपाठ दुसऱ्या वाद्यावरही तीच. मी थांबवलं आणि विचारलं, काय झालं? दोघी-तिघी एकदमच म्हणाल्या, “सर, आता दोन झाडू आहेत.”

बाई : चित्र न बघता?

सर : चित्र न बघता. गंमत म्हणजे चित्रात झाडूंची फौज उभी राहते. गटेच्या कवितेत मात्र झाडूचे दोनच तुकडे होतात, आणि संगीत त्या कवितेवर बेतलेलं. मुलांचा कान डिस्नेच्या आधीच्या गोष्टीपर्यंत पोचला.

बाई : हे सगळं छान आहे. पण एक विचारू का? हा सगळा कारखाना अमेरिकेतला. आपल्या पोरांच्या कानाला काय फक्त तेच लागणार? मी भीमपलास गायले तर त्यांना ते जुनं, आणि डिस्ने म्हणजे संगीत, असं नको व्हायला.

सर : मोगलीचं शीर्षकगीत तर आपलंच आहे. मालिका जपानी, १९८९ची. दूरदर्शनवर ती हिंदीत आली तेव्हा गीत गुलजारांनी लिहिलं, चाल विशाल भारद्वाजांची, आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. २०१६च्या मोटू-पतलूच्या चित्रपटालाही गुलजार-भारद्वाज हीच जोडी होती.

बाई : ते ठीक आहे. पण तू एक विसरलास. ‘एक अनेक और एकता’.

सर : अरे हो! चिमण्या आणि जाळं.

बाई : १९७४ची फिल्म. विजया मुळ्यांनी केली, ॲनिमेशन भीमसेन यांचं, फिल्म्स डिव्हिजनने काढली. त्यातला लहान मुलीचा गळा साधना सरगमचा, त्या आपल्या दाभोळच्या. आणि संगीत कुणाचं सांग?

सर : कुणाचं?

बाई : वसंत देसाईंचं. आपल्या सिंधुदुर्गातले. ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७चा, ‘गुड्डी’ १९७१चा. दोन्हीतल्या प्रार्थना आज देशभरच्या शाळांत म्हणतात, दोन्हींच्या चाली त्यांच्या. आपल्या शाळेत सोमवारी जी प्रार्थना होते ती त्यातलीच. तुझी मुलं आठवड्यातून एकदा वसंत देसाई गातात आणि त्यांना तो माणूस ठाऊक नाही. तुझ्या खेळात हे ओळखायला लाव. ‘एक अनेक’चा तुकडा लाव आणि विचार, ज्याने ही चाल बांधली त्याचं दुसरं एक गाणं तुम्हाला तोंडपाठ आहे, कुठलं?

सर : बाई, हा प्रश्न मी सोमवारीच विचारतो.

मला या जागी बाईंची बाजू पूर्ण पटते. खेळात उत्तर म्हणून चित्रपटाचं नाव मागितलं की मुलांच्या लक्षात राहतं ते कंपनीचं नाव. गाणं कुणी केलं, कुणी गायलं, ते कुठून आलं, हे गळून पडतं. ‘लायन किंग’चंच घ्या. त्या सुरुवातीच्या हाळीचे शब्द झुलू भाषेतले आहेत आणि गळा दक्षिण आफ्रिकेच्या लेबो एम यांचा. पुढे टिमोन आणि पुंबा गंमत म्हणून सिंहावरचं एक गाणं गुणगुणतात. त्याचं मूळ आहे सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने १९३९ साली ध्वनिमुद्रित केलेलं ‘म्बुबे’. ती चाल अमेरिकेत गेली, शब्द बदलले, १९६१ साली तिथे गाजली, अनेकांनी त्यावर पैसा केला. लिंडा १९६२ साली गरिबीत वारला. त्याच्या कुटुंबाला न्यायालयात जावं लागलं आणि तडजोड व्हायला २००६ साल उजाडलं. पाचवीच्या मुलांना ही गोष्ट कळते. अन्याय म्हणजे काय हे त्यांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. खेळाच्या पाच मिनिटांत ती सांगून झाली, तर तो तास वाया गेला असं कुणी म्हणू शकणार नाही.

बाई : आता गुणांचं बोल. तू फळ्यावर गुण मांडतोस ना?

सर : गट पाडतो, गुण देतो. त्याशिवाय रंगत येत नाही, बाई. तुम्हीसुद्धा स्पर्धा घ्यायच्या की आमच्या.

बाई : घ्यायची. पण गाण्याच्या. गाण्यात मेहनत दिसते. ओळखण्यात घरची परिस्थिती दिसते, हे मघाशीच बोललो आपण. आणि ओरडून उत्तर द्यायचं हे बंद कर. मी स्वर ओळखायला लावायची तेव्हा काय करायची, आठवतं?

सर : पाट्या! मी पेटीवर सूर धरते, तुम्ही पाटीवर लिहा, पाटी छातीशी धरा, असं सांगायचात. आणि तुम्ही ‘दाखवा’ म्हटलंत की सगळ्या पाट्या एकदम वर.

बाई : का करायची मी तसं? कारण ओरडण्यात पहिल्या दोघांचं ऐकून बाकीचे ओरडतात. पाटी वर गेली की लाजरी पोरगीही उत्तर देते, आणि ती चुकली तरी मला एकटीला कळतं. तू पाट्या आण. आणि ‘कुठलं गाणं’ याला गुणच देऊ नकोस. ‘कशावरून ओळखलंस’ याला दे.

सर : त्याला गुण देणं अवघड आहे. बरोबर-चूक कसं ठरवणार?

बाई : मुलांनाच विचार. ‘वर चढतंय’ म्हणाली ना ती? वर्गाला पुन्हा ऐकव आणि विचार, चढतंय का खरंच? सगळे ऐकतील. तुझ्यापेक्षा कडक परीक्षक असतात ती.

सर : एक सांगू? तुमचा पुष्कळसा राग खेळावर नाही, वेळेवर आहे. आठवड्यात संगीताला एक तास, आणि तो मी खेळात घालवतो असं तुम्हाला वाटतं.

बाई : राग नाही रे. पण हो. त्या एका तासात मुलांनी गायलं पाहिजे. ओळखण्यात गळ्याला काम नाही. मूल गात नाही तोवर ते गाण्याच्या बाहेरच उभं असतं.

सर : मग मी मुलांना उत्तर गाऊनच द्यायला लावतो. गाणं ओळखलं की त्याची पुढची ओळ सगळ्यांनी मिळून गायची. तशी ही कल्पना जुनीच आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत मॅक्स फ्लायशर यांच्या कार्टूनमध्ये पडद्यावर गाण्याचे शब्द यायचे आणि एक चेंडू एकेका शब्दावर उड्या मारत जायचा. त्याच्या मागोमाग सगळं थिएटर गायचं. बोलपट यायच्या आधीची गोष्ट आहे ही. कार्टून आणि समूहगान तेव्हापासून सोबतच आहेत.

बाई : गाऊन उत्तर दिलेलं मला चालेल. पण पट्टी बघ. त्या इंग्रजी गाण्यांची पट्टी मोठ्या बायकांच्या गळ्याची असते. मुलं किंचाळतात. पेटीवर खाली उतरवून घे.

सर : उतरवून घ्यायला मला येत नाही.

बाई : म्हणून तर मी शनिवारी येते.

सर : बाई, अजून एक ऐकवू? ‘कोको’ नावाचा चित्रपट आहे, २०१७चा, मेक्सिकोत घडणारा. त्यात एकच गाणं वेगवेगळ्या प्रसंगी येतं. आधी एक नामवंत गायक ते रंगमंचावर थाटात गातो. वाद्यं, दिवे, टाळ्या. पुढे कळतं, की ते गाणं मुळात एका बापाने आपल्या लहानग्या मुलीसाठी केलं होतं. तो ते तिला गिटारवर, हळू, जवळ बसून म्हणतो. आणि शेवटी ती मुलगी म्हातारी झालेली असते, काही आठवत नसतं, तेव्हा तिचा पणतू तिला तेच गाऊन दाखवतो. मी पहिली दोन रूपं लागोपाठ ऐकवली आणि विचारलं, काय बदललं?

बाई : काय म्हणाली मुलं?

सर : बरेच म्हणाले, हळू झालं, वाद्यं गेली. एक म्हणाला, “पहिल्यांदा तो सगळ्यांना सांगतोय, दुसऱ्यांदा एकीलाच.”

बाई : (काही वेळ गप्प) आम्ही बंदिश विलंबितात मांडतो आणि मग द्रुत घेतो, तेव्हा शिष्याला हेच सांगायचं असतं, लय बदलली की म्हणणं बदलतं. ते मूल कुठल्या गावचं आहे, काय ऐकतं घरी, मला माहीत नाही. पण त्याने ते बरोबर पकडलं. तू खेळ बंद कर असं मी आता म्हणणार नाही. पण गाण्याचा तास मला दे आणि खेळाला दुसरा तास शोध.

सर : भाषेचा तास आहे की. ‘काय बदललं ते चार ओळींत लिहा’ म्हटलं तर तो मराठीचाच अभ्यास झाला.

बाई : चालेल. आणि मुख्याध्यापक विचारतील ना, ही गाणी वाजवायला परवानगी घेतली का म्हणून?

सर : १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात शाळेसाठी सवलत आहे. शाळेच्या कामाचा भाग म्हणून, ऐकणारे फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक असतील तर ध्वनिमुद्रण वाजवता येतं. त्याची रील करून इन्स्टाग्रामवर टाकली तर गोष्ट वेगळी.

बाई : रील नकोच. मुलांचे चेहरे तर मुळीच नकोत.

दोघांचं बोलणं इथे थांबवतो, कारण जे उरलं आहे ते त्यांच्यात मिटणारं नाही. बाई गुणांच्या विरुद्ध राहतील, सर पुढच्या आठवड्यातही फळ्यावर गट मांडतील. या भांडणात मी बाईंच्या बाजूने आहे.

पण खेळ टाकून द्यावा असं मला वाटत नाही, आणि त्याचं कारण व्यवहारातलं आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, तीही पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीच्या मुलांना गाण्याची गोडी लावायची ती बहुतेक ठिकाणी वर्गशिक्षकानेच, आणि त्याला पेटी येत असेल असं धरून चालता येत नाही. अशा शिक्षकाच्या हातात स्पीकर आणि एक चांगला प्रश्न एवढं असलं तरी पुष्कळ काम होतं. प्रश्न मात्र ‘कशावरून?’ हाच हवा.

ज्या शिक्षकांना हे करून पाहायचं आहे त्यांनी तुकडे लहान घ्यावेत आणि थोडेच घ्यावेत. एका तासाला तीन पुरतात. एक सगळ्यांच्या ओळखीचा, एक कुणालाच माहीत नसलेला, आणि एक आपल्याकडचा. उत्तर पाटीवर घ्यावं. गाणं कुणी बांधलं त्याचं नाव फळ्यावर लिहावं, चित्रपटाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. आठवड्याला गाण्याचा एकच तास असेल तर तो गाण्यालाच ठेवावा. आणि सुरुवात कुठून करावी असा प्रश्न पडला तर ‘एक अनेक और एकता’ घ्यावा. सातेक मिनिटांची फिल्म आहे, आणि तिच्या संगीतकाराची दुसरी एखादी चाल तुमच्या मुलांना बहुधा आधीपासूनच पाठ असेल.